वेश न करता दारात आलेल्या मोठ्या मुलांना हॅलोविनची कँडी द्यावी का?

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी आईचा आहे. गेल्या ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुले वेश करून दारोदार कँडी मागत फिरतात त्या हॅलोविनच्या सणाला, रात्री आठच्या सुमारास पंधरा-सोळा वर्षांची चार मुले त्यांच्या दारात आली. कोणीही वेश केलेला नव्हता, हातात उशांचे अभ्रे होते, आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' (खोडी की खाऊ) असे पुटपुटत त्यांनी ते अभ्रे पुढे केले. 'हे लहान मुलांसाठी आहे' असे सांगून या आईने दार लावले. पतीचे म्हणणे पडले की द्यायला हवे होते, आणि त्यावरून घरात वाद झाला. यंदा त्यांचा स्वतःचा मुलगा तेरा वर्षांचा झाला असून त्याला मित्रांबरोबर जायचे आहे, पण वेश करायला तो तयार नाही. अशा वेळी योग्य काय, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की द्यावी, आणि परीचा वेश करून आलेल्या पाच वर्षांच्या मुलीला देताना आपल्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तोच ठेवून द्यावी. मी गेली बावीस वर्षे याच राज्यातील सार्वजनिक शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते आहे आणि जवळजवळ तेवढीच वर्षे माझ्या दारात कँडीचे पातेले घेऊन बसते आहे. तुम्ही दार लावलेत त्यात कोणाला दुखावण्याचा हेतू नव्हता, हे मला समजते. पण ते दार लागल्यावर पलीकडच्या मुलाच्या मनात काय होते, हे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून मुले सांगतात, आणि म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी वेशाबद्दल, कारण तुमच्या मनातली खरी अडचण वयापेक्षा वेशाची असावी असे मला वाटते. 'काही कष्टच घेतले नाहीत, मग फुकट कशाला द्यायचे' ही भावना अनेक घरांतून ऐकू येते. मात्र पाच वर्षांच्या मुलाचा वेश कोण करते हे पाहिले तर हा हिशेब टिकत नाही. आई किंवा वडील दुकानातून तो आणतात, घालून देतात, फोटो काढतात आणि मुलाला दारापर्यंत हाताला धरून नेतात. कष्ट झालेच असतील तर ते पालकांचे असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र हे सगळे एकट्याने ठरवावे लागते, आणि ठरवताना वर्गातले कोण हसेल, कोण फोटो काढून पाठवेल, याचा विचार तो करत असतो. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये किशोरवयाबद्दल 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली. या वयातील मुलांना आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे, आपल्या प्रत्येक कृतीचे कोणीतरी परीक्षण करते आहे, असे वाटत असते, असे त्याचे सांगणे होते. माझ्या कामात या कल्पनेचा प्रत्यय मला रोज येतो. वेश न करता आलेल्या मुलाला सणात यायचे असते, पण आपल्याला अजून यायचे आहे हे कोणाला कळू नये असेही वाटत असते. म्हणून तो रोजच्याच हुडीत येतो, मागे उभा राहतो आणि नीट बोलतही नाही. आपण त्याला बेफिकीर समजतो. माझ्या अनुभवात असा मुलगा बहुतेक वेळा त्या टोळक्यातला सर्वांत संकोची असतो.

याशिवाय आपल्याला दारातून दिसत नाहीत अशी कितीतरी कारणे असतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी अनेकांना मुखवटा, चेहऱ्याला लावलेला रंग किंवा टोचणारे कापड सहन होत नाही, आणि काहींना 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्दही उच्चारता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी अशा मुलांनी निळ्या रंगाची भोपळ्याच्या आकाराची बादली घेऊन यावे, म्हणजे घरच्यांना कळेल, अशी कल्पना पुढे आली. तिचे स्वागत झाले तसा विरोधही झाला, कारण एका चॉकलेटसाठी मुलाने आपली वैद्यकीय माहिती अनोळखी माणसासमोर का मांडावी, हा काही पालकांचा प्रश्न रास्त होता. मला त्या विरोध करणाऱ्या पालकांचे म्हणणे पटते. काही घरांत धार्मिक कारणांमुळे भुताखेतांचा वेश चालत नाही, पण शेजारच्या मुलांबरोबर जायला परवानगी असते. काही मुले धाकट्या भावंडांना फिरवायला बाहेर पडलेली असतात. काहींकडे तीस-चाळीस डॉलरचा पोशाख घ्यायला पैसे नसतात, आणि घरातल्या जुन्या चादरीचे भूत करायचे तर त्यासाठी मदत करणारे मोठे माणूस त्या संध्याकाळी कामावर असते. एका चॉकलेटच्या बदल्यात यातले कोणते कारण आहे याची चौकशी करणे मला योग्य वाटत नाही, आणि चौकशी न करता सर्वांनाच नाकारणे तर त्याहून अयोग्य वाटते.

वयाचा अंदाज ही दुसरी फसवी गोष्ट आहे. सहावीच्या वर्गात एकाच दिवशी साडेचार फुटांची आणि पावणेसहा फुटांची मुले माझ्यासमोर असतात. काही वर्षांपूर्वी असाच एक उंच मुलगा, वय वर्षे अकरा, माझ्याकडे आला. त्याला लागोपाठ तीन घरांत 'तू खूप मोठा आहेस, तुला लाज वाटत नाही का' असे ऐकावे लागले होते. चौथ्या घरी त्याने घंटाच वाजवली नाही. मित्र वर गेले, हा रस्त्यावर थांबून राहिला. पुढच्या वर्षी तो गेलाच नाही. त्याला कँडीचे फारसे दुःख नव्हते. आपले लहानपण संपले हे आपल्याला कळण्याआधी लोकांनी जाहीर केले, याचे त्याला वाईट वाटले होते, आणि हे त्याने त्याच्या शब्दांत मला सांगितले तेव्हा माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

हे सर्व मुलांच्या बाबतीत सारखे घडत नाही. फिलिप अतिबा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की कृष्णवर्णीय मुलगे लोकांना त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सुमारे साडेचार वर्षांनी मोठे वाटतात, आणि त्यांच्याकडे निरागस म्हणून पाहिले जाण्याचे प्रमाण दहाव्या वर्षापासूनच घटते. म्हणजे बारा वर्षांचे मूल पाहणाऱ्याला जवळजवळ सतरा वर्षांचे वाटू शकते. आपण भारतीय पालकांनी हे वाचून स्वस्थ बसू नये, कारण आपले मुलगेही तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेले, सावळे आणि अंगाने भरलेले असतात. आज आपण ज्या नजरेने दुसऱ्याच्या मुलाकडे पाहतो त्याच नजरेने उद्या आपल्या मुलाकडे पाहिले जाणार आहे.

योशिहिरो हात्तोरी या सोळा वर्षांच्या जपानी विद्यार्थ्याची गोष्ट मी दर ऑक्टोबरमध्ये आठवते. १७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुईझियानातील बॅटन रूज येथे तो मित्राबरोबर हॅलोविनच्या मेजवानीला निघाला होता आणि चुकून दुसऱ्याच घराच्या दारात गेला. घरमालकाने बंदूक रोखून त्याला थांबायला सांगितले. इंग्रजी भाषा पुरती अवगत नसलेला तो मुलगा पुढे आला आणि गोळी लागून मरण पावला. त्याने तर वेशही केला होता. १९९३ मध्ये फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. ही टोकाची घटना आहे हे मी जाणते, आणि दार लावणे व गोळी झाडणे यांची बरोबरी मी करत नाही. परंतु दारात आलेले अनोळखी किशोरवयीन मूल म्हणजे आधी धोका, अशा समजुतीची सवय लागू नये, यासाठी वर्षातून एक संध्याकाळ तरी हवी असे मला मनापासून वाटते.

आता थोडे इतिहासाकडे वळते, कारण 'हे लहान मुलांसाठी आहे' हे वाक्य इतिहासाला धरून नाही. आपल्यापैकी बहुतेकांची हॅलोविनशी ओळख अमेरिकेत आल्यावर झाली, त्यामुळे तो पहिल्यापासून असाच चिमुकल्यांचा सण असावा असे आपल्याला वाटते. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये वेश करून दारोदार जाणारी मुले गाणे म्हणून किंवा कविता सादर करून सफरचंदे, सुकामेवा आणि नाणी घेत असत. इंग्लंडमध्ये गोरगरीब लोक मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात छोटे गोड पाव मागत. या चाली घेऊन स्थलांतरित उत्तर अमेरिकेत आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ३१ ऑक्टोबर ही प्रामुख्याने मोठ्या पोरांच्या खोड्यांची रात्र होऊन बसली होती. कुंपणाची फाटके उचकटून नेली जात, खिडक्यांना साबण फासला जात असे, गाड्या भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवल्या जात. मिनेसोटातील अनोका या गावाने १९२० मध्ये मुलांना खोड्यांपासून दूर ठेवण्यासाठी मिरवणूक सुरू केली. १९३० च्या दशकातील महामंदीच्या काळात नुकसान वाढले, तशा अनेक गावांनी मेजवान्या आणि खाऊवाटप सुरू केले. 'ट्रिक ऑर ट्रीट' या शब्दांचा अर्थच मुळी 'खोडी सहन करा किंवा खाऊ द्या' असा आहे, आणि १९२७ सालच्या कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या एका बातमीत हे शब्द सापडतात तेही खोड्या काढत फिरणाऱ्या पोरांच्या संदर्भात. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले. ते १९४७ मध्ये उठल्यानंतर नव्या उपनगरांमध्ये ही प्रथा आजच्या रूपात पसरली आणि हळूहळू तिच्यात भाग घेणाऱ्यांचे वय खाली खाली गेले. ज्या मुलांना आपण आज 'मोठी झालात' म्हणून परत पाठवतो, त्यांच्याशी समेट करण्यासाठीच एके काळी हा खाऊ दारात आणला गेला होता.

हे वाचताना तुम्हाला होळी आठवली असेल. आपल्याकडे होळीसाठी शेजाऱ्यांच्या गोवऱ्या आणि लाकडे पळवणारी पोरेही याच वयाची असत, आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरे पोस्त मागायला दारात उभी राहत. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. माझी आजी पोस्त देताना बोलायची भरपूर, पण 'तू आता दहावीला आहेस' म्हणून तिने कोणाला रिकाम्या हाताने पाठवल्याचे मला आठवत नाही. हॅलोविन आपला सण नाही म्हणून त्याचे नियम आपण फार काटेकोरपणे पाळायला जातो, असे मला कधी कधी जाणवते. परक्या घरातल्या पाहुण्याने चमचा कोणत्या हातात धरायचा याची काळजी करावी तसे. या सणाची मूळ वृत्ती आपल्या ओळखीची आहे, तेव्हा इतके संकोचण्याचे कारण नाही.

काही गावांनी वयाचा कायदाच केला, हेही तुम्ही ऐकले असेल. व्हर्जिनियातील चेसापीक शहरात १९७० पासून बारा वर्षांवरील मुलांना कँडी मागत फिरण्यास मनाई होती आणि नियमात तुरुंगवासाचीही तरतूद होती. त्यावर देशभर टीका झाल्यावर २०१९ मध्ये वयोमर्यादा चौदावर नेण्यात आली आणि तुरुंगवासाची तरतूद काढून टाकण्यात आली. कॅनडातील न्यू ब्रन्सविकमधल्या बाथर्स्ट शहरानेही २०१७ मध्ये चौदाची मर्यादा सोळा केली. दोन्हीकडे बदलाची दिशा एकच होती. तुमच्या गावात असा काही नियम आहे का, हे नगरपालिकेच्या सूचनेत एकदा पाहून घ्या. बहुतेक ठिकाणी केवळ वेळ ठरवून दिलेली असते, आणि ती जरूर पाळावी.

माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेले कारण आता सांगते. या वयाच्या मुलांना एकत्र जमायला जागा उरलेल्या नाहीत. आपल्याच राज्यात पॅरामसच्या गार्डन स्टेट प्लाझा मॉलने २०२३ पासून शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाचनंतर अठरा वर्षांखालील मुलांना सोबत मोठे माणूस असल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम केला. तिथे झालेल्या गोंधळामुळे तो करावा लागला असेल, त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण मॉल बंद, बागेत अंधार पडल्यावर थांबायचे नाही, दुकानासमोर उभे राहायचे नाही, आणि मग घरी बसून फोन पाहिला तर आपणच तक्रार करतो. अशा परिस्थितीत शुक्रवारच्या पार्टीत, जिथे बिअर असेल आणि कदाचित त्याहून वाईट काही असेल, तिथे जाण्याऐवजी चार सोळा वर्षांची मुले रात्री आठ वाजता उशीचे अभ्रे घेऊन शेजाऱ्यांच्या घंटा वाजवत फिरत असतील, तर त्या चौघांनी त्या संध्याकाळी फार चांगली निवड केली आहे. त्या निवडीला आपण एका छोट्या चॉकलेटने दाद देऊ शकतो. इतक्या कमी खर्चात किशोरवयीन मुलांसाठी करता येण्यासारखे दुसरे काही मला बावीस वर्षांत सापडलेले नाही.

विरुद्ध बाजूचे एक म्हणणे मात्र मी गंभीरपणे घेते. काही वस्त्यांमध्ये इतकी गर्दी येते की कँडीवर शंभर-दीडशे डॉलर खर्च होतात, आणि मोठी मुले मूठभरून नेतात तेव्हा सातच्या सुमारास आलेल्या लहानग्यांना काही उरत नाही. याला उपाय वयावर नसून वाटपात आहे. पातेले बाहेर ठेवू नका. ते तुमच्या हातात असू द्या आणि प्रत्येकाला एक किंवा दोन तुम्ही स्वतः द्या. अंधार पडेपर्यंत बहुतेक लहान मुले येऊन जातात. एक पुडा वेगळा काढून आत ठेवा आणि साडेसातनंतर फोडा. कोणी उर्मटपणे बोलले, लहान मुलाला ढकलले किंवा पातेल्यात हात घातला, तर 'असे नाही, रांगेत या' असे शांतपणे सांगा, आणि ऐकले नाही तर देऊ नका. हा नियम वागणुकीचा आहे, आणि तो सहा वर्षांच्या मुलालाही लागू करा. तुम्हाला हवे असेल तर 'काय झाला आहेस तू?' असे जरूर विचारा. 'दमलेला विद्यार्थी' असे उत्तर मिळाले तर हसून ते स्वीकारा. स्कॉटलंडच्या चालीप्रमाणे गाणे किंवा विनोद ऐकवायला सांगायचे असेल तर सर्वांनाच सांगा. फक्त मोठ्यांना सांगितले की ती शिक्षा होते. रात्री एकटे असताना एखाद्या टोळक्याची भीती वाटली, तर दार न उघडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यासाठी पोर्चचा दिवा बंद केला की पुरते. दिवा बंद असलेल्या घरी जायचे नाही हे इथल्या मुलांना चांगले ठाऊक असते.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला जाऊ द्या. वेशाची सक्ती करू नका, पण घरात असलेले काहीतरी सुचवून पाहा. क्रिकेटचा जुना शर्ट आणि हातात बॅट एवढेही चालते, आणि माझ्या ओळखीच्या एका मुलाने दिवाळीचा कुर्ता घालून काम भागवले होते. त्याने नकार दिला तर विषय तिथे सोडा. त्याला चार गोष्टी मात्र आवर्जून सांगा: लहान मुले दारात असतील तर मागे थांबायचे, शब्द स्पष्ट म्हणायचे, आभार मानायचे, आणि एखाद्याने नाही म्हटले तर उलट न बोलता निघायचे. वयामुळे कोणी बोलेल, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. आधी सांगितलेले असेल तर ते कमी लागते.

मला खरी काळजी असते ती रस्त्याची. कॅनडातील संशोधकांनी अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या संध्याकाळपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. न्यू जर्सीत ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मोठी मुले गडद हुडी घालून, फोनमध्ये पाहत, दोन गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडतात. मुलाच्या पिशवीला चमकणारी पट्टी चिकटवा, टॉर्च चालू ठेवायला सांगा, आणि घरी यायची वेळ दोघांनी मिळून ठरवा. वेश न करण्याचा हट्ट तुम्ही मान्य केलात तर पट्टीचा तुमचा हट्ट तो बहुधा मान्य करेल.

आणि यंदा तीच चार मुले पुन्हा आली तर? येण्याची शक्यता कमी आहे, कारण जिथे दार लावले जाते ते घर मुले लक्षात ठेवतात. आली तर त्यांना मागच्या वर्षीची आठवण करून देऊ नका. 'हॅपी हॅलोविन, बरे झाले आलात' एवढे म्हणा, प्रत्येकाला दोन-दोन द्या. २०२४ प्रमाणे एखाद्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, तर कँडीच्या शेजारी चिवड्याचे आणि शंकरपाळ्यांचेही छोटे पुडे ठेवा. मी तसे केले होते. फक्त पुड्यावर घटक लिहायला विसरू नका, कारण चिवड्यात शेंगदाणे असतात आणि इथल्या कितीतरी मुलांना ते चालत नाहीत. माझ्याकडे घटक वाचून झाल्यावर सर्वांत जास्त शंकरपाळे नेले ते नववीतल्या मुलांनी, आणि त्यातला एकजण दहा मिनिटांनी परत येऊन, टोपी काढून, आणखी एक पुडा मिळेल का असे विचारून गेला.